बिघडलेली डिस्क, तरी जपून
हार्ड डिस्क बिघडलेलीच आहे, मग कशीही गुंडाळली तर काय झालं, असं वाटतं ना? पण कोपरा चेपलेला किंवा कनेक्टर तुटलेला दिसला, तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते. म्हणून आधी सिरियल नंबरसकट फोटो काढा. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घाला. साध्या प्लास्टिकवर स्थिर वीज साठते. मग सगळ्या बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर फोम. वर्तमानपत्राचे बोळे नकोत, ते वाटेत दबतात. खोकं हलवून बघा. आत काही हललं तर पुन्हा बांधा. कंपनीने दिलेला आरएमए नंबर बाहेर लिहा.

आणि हो, बहुधा तीच डिस्क परत येत नाही, दुसरी येते. मुलांचे फोटो त्यातच असतील, तर पार्सल बांधायच्या आधी डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. मात्र डिस्क उघडल्यावर वॉरंटी राहील का, ते कंपनीकडून आधी लेखी घ्या.