घाट, घड्याळ आणि आमचा नातू
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, की काका, बँकेवर बोलू नका, केवायसीचं सगळ्यांना पाठ झालंय. तुमच्या नातवाच्या शर्यतीबद्दल सांगा. लिफ्टमध्ये भेटलेला प्रत्येक जण विचारतो, "तो अजून गाड्याच करतो का?" तेव्हा आज सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

माझा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, आपल्या सी विंगमध्ये वाढला. मुंबईत मेकॅनिकल इंजिनिअर झाला, मग इंग्लंडला गेला. तिकडे ऑक्सफर्ड ब्रुक्स, क्रॅनफील्ड अशा विद्यापीठांत मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंग हा रीतसर पदव्युत्तर विषय आहे. फॉर्म्युला वनचे बरेचसे संघ इंग्लंडच्याच मधल्या पट्ट्यात, सिल्व्हरस्टोनच्या आसपास आहेत, त्यामुळे शिकणे आणि नोकरी जवळजवळ एकाच परिसरात. सोमवार ते शुक्रवार तो शर्यतीच्या गाड्यांचे सस्पेन्शन आणि सेन्सरमधून आलेले आकडे बघतो. त्याचा त्याला पगार मिळतो. शनिवार-रविवारी स्वतःची जुनी गाडी घेऊन तो हिलक्लाइंबला जातो. त्याचे त्याला काहीच मिळत नाही, उलट खिशातले जातात.

हिलक्लाइंब म्हणजे घाट चढण्याची शर्यत. दहा गाड्या एकमेकींना घासत सुटल्या, असं यात नसतं. एका वेळी एकच गाडी. खाली उभे राहायचे, हिरवा दिवा लागला की सुटायचे, वर पोचायचे. स्पर्धा फक्त घड्याळाशी. इंग्लंडमध्ये शेल्सली वॉल्श नावाच्या ठिकाणी ही शर्यत १९०५ सालापासून चालू आहे. लांबी १००० यार्ड, म्हणजे आपल्या मापाने ९१४ मीटर. तिथला विक्रम २३ सेकंदांहूनही कमी आहे. दुसरे ठिकाण प्रेस्कॉट. ते १९३८ साली बुगाटी ओनर्स क्लबने सुरू केले. तिथला रस्ता साधारण एक किलोमीटर, मध्ये एक अवघड हेअरपिन वळण. थंडी सरली की एप्रिलमध्ये तिकडचा हंगाम उघडतो, आणि आमचा नातू गेल्या वर्षी हंगामाच्या पहिल्या शर्यतीला उतरला.

आता हिशेब ऐका, कारण सवय जात नाही. नोव्हेंबर ते मार्च पाच महिने त्याने गाडी खोलली, जोडली, पुन्हा खोलली. शर्यतीच्या दिवशी बहुधा दोन फेऱ्या सरावाच्या आणि दोन वेळ लावून. सगळ्या मिळून गाडी पळाली चार मिनिटांच्या आसपास. पाच महिने आणि चार मिनिटे! बँकेत असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी परतफेडीचा स्रोत विचारला असता. त्याला विचारलेसुद्धा. तो म्हणाला, "आजोबा, आठवडाभर मी दुसऱ्याच्या गाडीचे आकडे बघतो. माझ्या गाडीत तो आकडा मला पाठीला कळतो." मग मी त्याला एवढेच सांगितले, की शर्यतीचे खाते वेगळे ठेव, टायर, प्रवेश फी, पेट्रोल सगळे त्यात लिही, आणि पगाराच्या खात्याला हात लावू नकोस. तो ते पाळतो. टायर परवडावेत म्हणून तो आणि त्याचा मित्र एकच गाडी वापरतात. एक खाली आला की दुसरा बसतो. नियमात ते चालते, कारण गाडीबरोबर चालवणाऱ्याचाही वेळ मोजला जातो.

हंगामाची पहिली शर्यत अवघड का, तेही त्याने मला फोनवर समजावले. एप्रिलमध्ये तिकडे रस्ता थंड, कधी ओला. टायरचे रबर गरम झाल्याशिवाय रस्त्याला धरत नाही आणि इथे गरम व्हायला वेळच नाही. पहिल्या ६४ फुटांचा वेळ वेगळा मोजतात. चाके जागेवर फिरली तर तिथेच सगळे गेले. शिवाय वर्तुळाकार ट्रॅकवर पहिल्या फेरीत चुकलेले वळण पुढच्या फेरीत पुन्हा येते. घाटात ते एकदाच येते.

आता तुम्ही म्हणाल, हे साहेबांच्या देशातले. नाही हो. मोटार आली तेव्हा तिची परीक्षा आपल्याच घाटांनी घेतली. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर आणि परत अशी सुमारे ६२० मैलांची मोटारींची चाचणी झाली होती. रोल्स-रॉइसची एक सिल्व्हर घोस्ट गाडी त्यात उतरली, 'पर्ल ऑफ द ईस्ट' हे तिचे नाव. वाटेतले सह्याद्रीचे घाट ती बंद न पडता चढली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. बोरघाटातला रस्ता १८३० साली झाला तो बैलगाड्या आणि घोडागाड्यांसाठी. त्यावर मोटार चढवणे हीच मोठी गोष्ट होती.

आणि १९०८ कशाला? माझ्या वयाच्या मंडळींना खंडाळ्याचा घाट आठवत असेल. प्रीमियर पद्मिनी रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडे, वाफ येतेय, वडील पाण्याचा डबा घेऊन उभे आणि आई म्हणतेय, "मुलांनो, दरीकडे जाऊ नका." असे का व्हायचे? चढावर इंजिनाला ताकद जास्त लावावी लागते, म्हणून उष्णता जास्त. पण गाडीचा वेग कमी, म्हणून रेडिएटरला वारा कमी. उत्पन्न घटले आणि खर्च वाढला की खाते जसे बिघडते, तसेच ते. आज आपण एसी लावून लोणावळ्याला पोचतो, ती या इंजिनिअर लोकांची कृपा. घाट हा गाडीचा ऑडिट आहे, सपाटीवर लपलेले तिथे उघडे पडते.

जगातला सगळ्यात प्रसिद्ध असा घाट अमेरिकेत, पाइक्स पीक. १९१६ पासून शर्यत. जवळजवळ २० किलोमीटर, १५६ वळणे आणि शेवट ४३०० मीटरवर. तिथे हवा इतकी विरळ, की पेट्रोल इंजिनाची बरीच ताकद वाटेतच गळते. २०१८ साली रोमां द्यूमा या फ्रेंच चालकाने फोक्सवॅगनची विजेवर चालणारी गाडी ७ मिनिटे ५७ सेकंदांत वर नेली. विजेच्या मोटरला हवेची गरज नाही, म्हणून तिची ताकद कमी झाली नाही. पार्किंगमध्ये चार्जर लावायचा की नाही, यावर आपण तीन सभा घेतल्या. तेव्हा हा दाखला द्यायचा राहून गेला होता, तो आज देतो.

आपल्याकडेही वाट आहे. बाहा एसएईइंडिया ही विद्यार्थ्यांनी गाडी बनवण्याची स्पर्धा २००७ पासून होते. फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. तो ट्रॅक ज्यांच्या नावाचा, ते करिवर्धन गिरणीमालकांच्या घरचे. पण स्वतः गाड्या चालवायचे आणि बनवायचे. मारुती ८०० चे इंजिन टाकून त्यांनी स्वस्तातली शर्यतीची गाडी काढली, आणि त्यावर आपल्याकडची एक पिढी शिकली. आपल्या शेजारची आयआयटी मुंबई आणि विद्याविहारचे सोमय्या महाविद्यालय, इथली मुलं स्वतः बनवलेल्या गाड्या परदेशातल्या स्पर्धांना घेऊन गेली आहेत. पुण्याचे संजय टकले रॅली चालवत जागतिक अजिंक्यपद मालिकेच्या फेऱ्यांपर्यंत पोचले. म्हणजे मराठी माणसाला हे वर्ज्य नाही.

आता जे खरे बोलायचे आहे त्याकडे येतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा गोल्डन डाइज नाक्यावरून घोडबंदर रोडकडे बघितले की ट्रक, कारखाने आणि काळोख दिसायचा. आज उड्डाणपूल आहेत, मेट्रोचे खांब आहेत, दोन्ही बाजूंना टॉवर आहेत. आणि रात्री बारानंतर सायलेन्सर बदललेल्या मोटरसायकलींचा आवाज आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या मागच्या इमारतीतला एक मुलगा त्याच रस्त्यावर गेला. एकोणीस वर्षांचा. त्याची आई अजून आपल्या भजनी मंडळात येते, म्हणून मी जास्त बोलत नाही.

माझी मुलगी तेव्हापासून वेगाच्या नावाने घाबरते. तिचा मुलगा हंगामाच्या पहिल्या शर्यतीला उभा होता तेव्हा तिने व्हिडिओ बघितला नाही. देवापाशी बसली होती. प्रत्येक फेरीनंतर त्याने मोबाइलवर दोनच शब्द पाठवले, "वर पोचलो." असे चार वेळा. नंबर कितवा आला ते तिने विचारलेच नाही. मीच विचारला. आपल्या वर्गात सातवा.

पण तिला मी एक फरक समजावला, तो तुम्हालाही सांगतो. हिलक्लाइंबला गाडी उतरवण्याआधी तपासणी होते. ब्रेक, सीटबेल्ट, हेल्मेट, आगीत टिकणारा पोशाख, यातले एक कमी असले तरी घरी पाठवतात. वळणावळणावर झेंडा घेऊन मार्शल उभे असतात. समोरून येणारे वाहन नाही, रस्ता ओलांडणारी आजी नाही, कुत्रा नाही. रुग्णवाहिका जागेवर नसेल तर शर्यत सुरूच होत नाही. घोडबंदरवर यातले काय आहे? तिथे जे चालते त्याला शर्यत म्हणू नका. वेग तोच असेल, पण शर्यतीत जबाबदारी वाटून घेतलेली असते. रस्त्यावर ती सगळी त्या रस्ता ओलांडणाऱ्या आजीवर टाकलेली असते.

मुलांना नुसते "करू नका" म्हणून भागत नाही, हे मी चाळीस वर्षे माणसे बघून सांगतो. आमचा नातू सोळाव्या वर्षी खाली पार्किंगमध्ये जुनी स्कूटर खोलून बसायचा. तेलाचे डाग पडले म्हणून तक्रारी आल्या, त्या रास्त होत्या. तेव्हाच्या सेक्रेटरींनी तोडगा काढला, पंपरूमच्या मागची जागा, जुनी ताडपत्री, रविवारी दहा ते एक. काम झाल्यावर फरशी पुसायची. तीन वर्षे त्याने फरशी पुसली. आज तो जे कमावतो त्याची पहिली शाळा ती पंपरूममागची जागा.

ती जागा आज तुटक्या खुर्च्या आणि जुन्या पाण्याच्या टाकीने भरलेली आहे. माझी विनंती आहे, रौप्यमहोत्सवानिमित्त ती मोकळी करावी. एक टेबल, एक दिवा, पान्यांचा एक संच, आग विझवायचे एक सिलिंडर. नियम तेच, रविवारी दहा ते एक, आणि एक मोठा माणूस हजर हवा. तो मोठा माणूस म्हणून माझे नाव लिहून घ्या, गुडघे चालतील तोवर. पान्यांच्या संचाचे पैसे मी देतो, नातवानेही हातभार लावायचे कबूल केले आहे. मुलींनीही यावे, नट-बोल्टला मुलगा-मुलगी कळत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे, हात वर केलात तरी चालेल.

मागच्या रांगेतल्या मुलांना एवढेच सांगतो. वेगाची हौस असेल तर आधी यंत्र समजून घ्या. लायसन्स काढा, ट्रॅकवर जा, हेल्मेट घाला. आणि कुठेही गेलात, घाटात, ऑफिसात, परदेशात, तरी घरी दोन शब्द कळवत जा.

 पुढे अल्पोपाहार आहे, म्हणून थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.