देवळालीची संख्या आणि हरवलेलें शून्य

नाशिकजवळच्या देवळालीस १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेंत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचें नांव आज देशोदेशींच्या गणितप्रेमी मंडळींना ठाऊक आहे, तें मुख्यतः एका चार अंकी संख्येमुळें. कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारहि अंक एकच नसावेत. त्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यांत मोठ्या संख्येंतून लहानांत लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर पुनः हीच क्रिया करावी. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हातीं येतात व पुढें उत्तर बदलतच नाहीं. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले असतां ६१७४ च उरतात.

कापरेकरांनीं हा शोध १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडला. येथील पुष्कळ विद्वानांनीं त्यांच्या कामाकडे केवळ करमणूक म्हणून पाहिलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें त्यांची कीर्ति दूरवर पसरली.

त्याच सुमारास आज्ञावली ग्रहण करणारे कॅल्क्युलेटर खिशांत आले. १९७४ सालीं ह्यूलेट-पॅकार्डचा ‘एचपी-६५’ निघाला. १९७७ सालीं टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘टीआय-५९’ मध्यें आज्ञांच्या ९६० पायऱ्यांपर्यंत जागा झाली. अशा यंत्रावर कापरेकरांचा खेळ बसविण्याचा मोह विद्यार्थ्यांस न झाला तरच नवल! परंतु खेळ बसविला म्हणजे तो पट्टीवर नीट दिसेलच असें नाहीं. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घेतल्यास पुढील हिशेब ऐकतां ऐकतां पडताळतां येईल.

पहिली अडचण किरकोळ आहे. यंत्र मधलीं उत्तरें न दाखवितां एकदम शेवटचें उत्तर पुढें करतें. प्रत्येक वजाबाकीनंतर क्षणभर थांबण्याची आज्ञा घातली म्हणजे ती दूर होते.

दुसरी अडचण मात्र फसवी आहे. ३५२४ घेतले तर ३०८७, ८३५२ आणि ६१७४ अशीं उत्तरें सुरळीत येतात. विद्यार्थी खूष होतो. नंतर तो २१११ घेतो. २१११ मधून १११२ गेले, उरले ९९९. पट्टीवर तीनच अंक आहेत. आज्ञावली दिसणारे अंक मोजून पुढें जात असेल, तर ती ९९९ मधून ९९९ वजा करते आणि पट्टीवर शून्य उमटतें. देवळालीच्या शिक्षकाचा नियम खोटा ठरला, असें वाटण्यास एवढें पुरे होतें!

वास्तविक चूक नियमाची नाहीं आणि यंत्राचीहि नाहीं. यंत्र संख्येची किंमत जपतें. डाव्या बाजूच्या शून्यानें किंमत वाढत नाहीं, म्हणून तें शून्य दाखवीत नाहीं. खेळाला मात्र चारहि घरें हवींत. येथें उत्तर ०९९९ असें वाचावयाचें. मग ९९९० मधून ०९९९ गेले, उरले ८९९१. पुढें ८०८२, ८५३२ आणि पांचव्या वजाबाकीस ६१७४! तेव्हां अंक मोजूं नयेत. हजार, शतक, दशक आणि एकक हीं चार घरें दर वेळीं ठरावीकपणें काढावीं.

तीं काढतांनाच तिसरा घोटाळा होतो. पट्टी नेटकी दिसावी म्हणून कित्येक जण दशांशस्थळें शून्य ठेवतात. अशा वेळीं ८९९१ ला १००० नें भागिलें कीं पोटांत ८.९९१ असतात, पण पट्टीवर ९ उमटतात. उरलेल्या ९९१ ला १०० नें भागिलें तर १० दिसतात; आणि दहा हा कांहीं अंक नव्हे! ९९९ ला १००० नें भागिल्यास तर हवें असलेलें शून्य १ होऊन बसतें. पट्टी जवळची पूर्ण संख्या दाखविते. आंतील किंमत तशीच राहते. उपाय एकच: भागाकारानंतर लागलीच पूर्णांक वेगळा काढण्याची आज्ञा द्यावी. मग ०.९९९ चा पूर्णांक शून्यच येतो व हरवलेला अंक आपल्या जागीं उभा राहतो.

यावरून एक व्यवहार ध्यानांत धरण्याजोगा आहे. आज्ञावलीची परीक्षा ३५२४ सारख्या सोयीच्या संख्येनें घेऊं नये, २१११ सारख्या अडचणीच्या संख्येनें घ्यावी. आणि तीहि आधीं कागदावर सोडवून ठेवावी. कापरेकरांच्या हातीं १९४९ सालीं असें यंत्र नव्हतें, तरी त्यांचें शून्य हरवलें नाहीं. कारण तें त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहिलें होतें. उत्तर चमकत्या आंकड्यांत आलें म्हणून तें खरें होत नाहीं. तें कसें आलें हें ज्यास सांगतां येतें, त्याच्याच जवळ तें खरें असतें.