मंदी संपली, पण कोणाची?



मी अर्थशास्त्राचा माणूस नाही, रेल्वेतला डिप्लोमावाला. पण आकड्यांशी रोजचीच गाठ, म्हणून अमेरिकेतला एक हिशेब मांडतो.

तिथली मंदी जून 2009 मध्ये संपली. पुढे प्यू रिसर्च सेंटरने 2009 ते 2011 चे आकडे तपासले. वरच्या 7 टक्के कुटुंबांची सरासरी मालमत्ता 28 टक्क्यांनी वाढली होती, उरलेल्या 93 टक्क्यांची 4 टक्क्यांनी घटली होती. सगळ्यांची मिळून सरासरी मात्र वाढलेलीच! सेक्शनचा सरासरी वेग वाढला म्हणून लूपमध्ये उभी मालगाडी सुटली, असे आपण म्हणतो का?

कारण साधे आहे. श्रीमंतांचा पैसा शेअर-रोख्यांत, मध्यमवर्गाचा राहत्या घरात. शेअर वर गेले, घरांचे भाव पडलेलेच राहिले. आपल्यापैकी अनेकांची पुंजीही पीएफ आणि एक फ्लॅट एवढीच, म्हणून मला हे परके वाटत नाही.

राजकीय भांडण इथूनच पेटले. ओबामांनी डिसेंबर 2013 मध्ये विषमतेवर भाषण केले, किमान वेतन वाढवा म्हणाले. रिपब्लिकन म्हणत, दरी तुमच्याच राज्यात रुंदावली. कर वाढवले तर रोजगार बुडतील, आणि फेडरल रिझर्व्हच्या स्वस्त पैशाने शेअरवाल्यांचेच फावले. हा शेवटचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. मात्र व्याजदर चढे ठेवले असते तर बेकारांचे काय झाले असते, यावर ते फारसे बोलत नसत.

असो. चहा आला आहे. सेन्सेक्सवाल्यांनी प्रश्न तयार ठेवावेत.