नौकेवरील बसबार आणि त्याचे सांधे



समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या दिल्लीच्या या पहाडगंजात नौकेवरील तांब्याच्या पट्टीवर व्याख्यान योजणाऱ्या चालकांचे धाडस वाखाणावे, की त्यांनी माझ्यावर सोपविलेल्या कामगिरीबद्दल आपलीच सहानुभूती मागावी, हा प्रश्न मला काही काळ पडला होता. परंतु आराकशां रस्त्यावर बॅटऱ्यांच्या जोरावर धावणाऱ्या ई-रिक्षांची जी दाटी आपण नित्य पाहतो ती लक्षात घेता, आणि विजेच्या मालाची एवढी मोठी पेठ जो भगीरथ पॅलेस तो चांदणी चौकात, म्हणजे येथून हाकेच्या नव्हे तरी रिक्षाच्या अंतरावर आहे हे ध्यानी घेता, विषय आपणांस अगदीच परका वाटण्याचे कारण नाही.

बसबार म्हणजे बॅटरीकडून येणारा मुख्य प्रवाह एका ठिकाणी घेऊन तो अनेक शाखांना वाटून देणारी धातूची पट्टी. नौकेवर अशा दोन असतात, एक धन आणि एक ऋण. त्या नसल्या म्हणजे इंजिनाचा स्टार्टर, दिवे, पाणी उपसण्याचा पंप, मासे शोधण्याचे यंत्र आणि बिनतारी संच या सर्वांच्या तारा बॅटरीच्या एकाच खुंटीवर एकावर एक चढतात, आणि कोणती तार कोणाची हे त्या नौकेच्या तांडेलासही सांगता येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. नौकेवरील बॅटरीच्या बारा व्होल्टांनी माणसास धक्का बसत नाही, सबब बारा व्होल्टांत धोका नाही, असा जो समज आपल्या कारागिरांत रूढ आहे तो मला नामंजूर आहे. अठराशे वॅटचे काम घरातील दोनशे तीस व्होल्टांवर करावयाचे तर सुमारे आठ अँपिअर पुरतात. तेच काम बारा व्होल्टांच्या बॅटरीवर करू म्हटले की दीडशे अँपिअर वाहू लागतात. आणि तारेत किंवा सांध्यात उत्पन्न होणारी उष्णता व्होल्टांवर नव्हे, तर प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. जमिनीवरील पॅनेलात उमेदवारी केलेला कुशल माणूस नौकेवर चुकतो तो बहुधा येथेच.

हा हिशेब थोडा खोलात जाऊन पाहू. पंचवीस मिलिमीटर रुंद, पाच मिलिमीटर जाड अशी तांब्याची पट्टी घेतली, तर तिचा छेद १२५ चौरस मिलिमीटर भरतो. पॅनेल बांधणारे तांब्यास दर चौरस मिलिमीटरमागे १.६ अँपिअर धरतात, त्या ढोबळ जाबत्याने ही पट्टी दोनशे अँपिअरची झाली. तिच्या वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर, लांबीतून दीडशे अँपिअर गेले तर उष्णता उत्पन्न होते अवघी सहा-दशांश वॅट. हात लावला तरी समजणार नाही इतकी. परंतु त्याच पट्टीवर जो लग, म्हणजे तारेच्या टोकाचे धातूचे कडे, बोल्टाने आवळला आहे त्याच्या सांध्यात जर एक मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, एवढाच रोध राहून गेला, तर तेथे साडेबावीस वॅट खर्ची पडतात. डाग देण्यासाठी आपण घरी जे सोल्डरिंग आयर्न वापरतो ते पंचवीस वॅटचे असते, यावरून त्या बोल्टाखाली काय चालले आहे त्याची कल्पना यावी. जवळचे तांबे यातील बरीच उष्णता ओढून घेते हे खरे. पण सांधा तापला की धातूवर गंज-पुटे चढतात, पुटांनी रोध वाढतो, रोधाने उष्णता वाढते, आणि तारेचे आवरण जळून दुर्गंधी सुटेपर्यंत हे दुष्टचक्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, नौकेसाठी बसबार घेताना पट्टीची जाडी पाहण्यात गिऱ्हाइकाने जितका वेळ घालवावा, त्याहून अधिक वेळ तिच्या खुंट्या, तिचा पृष्ठभाग आणि तिची बैठक पाहण्यात घालवावा.

धातूचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कल्हई केलेले तांबे सर्वोत्तम; उघड्या तांब्यावर खारी हवा काही महिन्यांतच हिरवी पुटे आणते. पितळही चालते, नव्हे पुष्कळ तयार बसबार पितळेचेच असतात, परंतु सामान्य पितळ तांब्याच्या सुमारे पावपटच वीज वाहते, तेव्हा तांब्याच्या मापाने पितळ घेणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. ॲल्युमिनियम स्वस्त आहे, वजनास हलके आहे, आणि दमट खारट हवेत तांब्याच्या लगाशी त्याची गाठ पडली की ते झिजू लागते. एवढ्या अवगुणावर मी ते नौकेवरून हद्दपार करीन.

पट्टीची क्षमता मागील फ्यूजपेक्षा कमी असता कामा नये. दीडशे अँपिअरच्या पट्टीमागे तीनशेचा फ्यूज बसविला, तर प्रसंगी पट्टीच फ्यूजची कामगिरी बजावते आणि ती फार वाईट रीतीने बजावते. इंजिनघरातील कोंदट उष्णतेत तर कोष्टकातील आकडाही पुरता हिशेबी धरू नये. मुख्य फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर असावा याविषयी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा दंडक सर्वसाधारणतः सात इंचांचा आहे. तार संरक्षक नळीत असेल तर अधिक अंतराची मुभा मिळते. शिवाय बसबारावरून निघणाऱ्या प्रत्येक बारीक तारेस तिच्या मापाचा स्वतंत्र फ्यूज हवाच. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या आता नौकांवर येऊ लागल्या आहेत, त्यांच्या शॉर्टसर्किटाचा प्रवाह इतका प्रचंड असतो की साधा फ्यूज वितळूनही ठिणगीच्या रूपाने वीज वाहू देतो. तेथे वीस हजार अँपिअर तोडण्याची ताकद असलेल्या टी वर्गाच्या फ्यूजची तजवीज करावी.

बांधणीत एक चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिचा स्वतंत्र उल्लेख करतो. कारागीर पट्टीवर प्रथम स्टेनलेस पोलादाचा वॉशर ठेवतो आणि त्यावर लग. दिसावयास ते नीटनेटके दिसते. पण स्टेनलेस पोलादाचा रोध तांब्याच्या सुमारे चाळीसपट, आणि सर्व प्रवाहास त्याच भिंतीतून वाट काढावी लागते. लग नेहमी पट्टीला थेट भिडला पाहिजे: सर्वांत मोठ्या प्रवाहाचा तळाशी, त्यावर लहान, मग सपाट वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, शेवटी नट. एका खुंटीवर चारांहून अधिक लग चढवू नयेत. लग दाबावयाचा तो योग्य साच्याच्या क्रिंपिंग यंत्राने, हातोडीने नव्हे. आणि नट आवळावयाचा तो टॉर्क पान्याने, उत्पादकाने दिलेल्या मापाइतका, कारण डिझेल इंजिनाची अखंड थरथर ढिल्या नटाची गय करीत नाही.

पट्टीची बैठक लाकडावर नको, जळणार नाही अशा इन्सुलेटरवर हवी. जागा तळाच्या पाण्यापासून उंच आणि कोरडी. धन व ऋण पट्ट्यांत एवढे अंतर की हातून निसटलेला पाना एकाच वेळी दोहोंना टेकू नये. आणि वर झाकण. काम करण्यापूर्वी बॅटरी तोडावी आणि अंगठी, कडे, घड्याळ उतरवून ठेवावे, कारण बारा व्होल्टांनी धक्का बसत नसला तरी दोन पट्ट्यांमध्ये सापडलेली अंगठी क्षणात लाल होते. अमेरिकन पद्धतीच्या नौकांवर ऋण तार पिवळी असू शकते, आणि आपल्याकडील वायरमनास पिवळा म्हणजे तीन फेजांपैकी एक असे शिकविलेले असते. तेव्हा रंगावर न विसंबता मीटर लावून पाहावे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली, आणि नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे तीतून ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघून, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन अशा चारच बंदरांत थांबून, मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. शीड वाऱ्यावर चालते हे खरे, परंतु आजच्या अशा नौकेवरील स्वयंचलित सुकाणू, दिशादर्शक यंत्रे, रात्रीचे दिवे आणि उपग्रह दूरध्वनी ही सर्व बॅटरीची अंकित असतात. आणि दक्षिण महासागरात भगीरथ पॅलेस नाही.

आपल्या कोकणच्या मच्छीमारांस तपासणीसाठी वेगळी सवड शोधावी लागत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बंदी उठण्याच्या सुमारास, इंजिन चालू करून व सर्व भार लावून, लग आणि पट्टी यांच्या दरम्यान मल्टिमीटर मिलिव्होल्टांवर लावावा. दीडशे अँपिअरला एक मिलिओहमचा सांधा दीडशे मिलिव्होल्ट दाखवील, चांगला सांधा त्याचा लहानसा अंशच दाखवील. आणि सारख्या प्रवाहाच्या सांध्यांत जो इतरांहून ठळकपणे अधिक आकडा देईल, तो बॅटरी तोडून खोलावा, कल्हई न खरवडता पुसावा व पुन्हा आवळावा. ते आकडे डिझेलच्या जमाखर्चाच्या वहीतच तारखेसह टिपून ठेवावे, म्हणजे पुढील वर्षी कोणता नट ढिला होत चालला आहे ते तांडेलास वहीवरूनच कळेल.