मास्तरांची माया आणि शाळेचा नियम

(विहाराच्या वर्धापन दिनी शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)

 

आताच आपण शिक्षकांचे अनुभव ऐकले. एका बाईंनी सांगितलं, त्यांच्या वर्गातला मुलगा रोज उशिरा यायचा. दाराबाहेर उभं करून झालं, फरक नाही. शेवटी बाई घाटकोपरच्या डोंगरावर त्याच्या घरी गेल्या. तेव्हा कळलं, नळाची वेळ आणि शाळेची वेळ एकच! पोरगं हंडे वर चढवून मग शाळेला पळतं. त्या दिवसापासून बाईंनी त्याला बाहेर उभं करणं बंद केलं. आपण टाळ्या वाजवल्या. पण बांधवांनो, थोडा विचारही करू.

शाळा आणि पाणी म्हटलं की बाबासाहेबांचं बालपण आठवतं. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळं, गोणपाटावर बसावं लागे. ते गोणपाट रोज घरून आणायचं, घरी न्यायचं. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही.

आणि त्याच साताऱ्यात आंबेडकर नावाचे मास्तर मधल्या सुट्टीत आपली भाजी-भाकरी भीमाला देत होते. भीमा पावसात चिंब भिजून आला, तेव्हा पेंडसे मास्तरांनी आपल्या मुलाबरोबर त्याला घरी धाडलं आणि गरम पाण्याने आंघोळीची सोय केली. पुढे मुंबईत, १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर, केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिलं. सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळावी म्हणूनही तेच धडपडले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर त्या एका पुस्तकाचाही वाटा आहे. हे ऋण आपण विसरत नाही.

पण मग असे मायाळू मास्तर असूनही ते गोणपाट का हटलं नाही? कारण माया माणसाची होती, नियम शाळेचा होता. मी गिरणीतला माणूस. साहेबाच्या मर्जीने मिळते ती मेहरबानी, करारात लिहून घेतो तो हक्क. साहेब बदलला की मेहरबानी संपते.

संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्याही १७ व्या कलमाने मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं याला बंदी केली. म्हणजे त्या मुलाला दाराबाहेर उभं न करणं ही बाईंची नुसती दया नाही, तो त्याचा हक्क आहे. बाईंचं मोठेपण यात की त्या डोंगर चढून त्याच्या घरापर्यंत गेल्या. तेवढं कुठलाही कायदा करत नाही. ते करुणेचं काम.

म्हणून गुरुजनांना विनंती, शिक्षेआधी एकदा घर बघा. पालकांना विनंती, शाळेच्या पालकसभेला जा, कायदा वाचा, हात जोडून नव्हे, ताठ उभं राहून बोला. आणि विहाराच्या कार्यकर्त्यांना विनंती, संध्याकाळी हे सभागृह मुलांच्या अभ्यासाला उघडं ठेवा. ज्या घरात हंडा ठेवायला जागा नाही, तिथे वही कुठे उघडायची?

वंदना आपण रोज करतो. त्या वंदनेच्या जागी पोरं अभ्यासाला बसली, तर ती बुद्धालाच वंदना आहे. एवढं बोलून मी माझं भाषण संपवतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!