गहाण गाईचं दूध कोणाचं?

जानेफळ आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांच्या बहिणींशी आज गहाणाबद्दल बोलायचं आहे.

पेरणीच्या तोंडावर हातात पैसा नसतो. मग पाटल्या, दुभती गाय, नाहीतर दीड एकर शेत गहाण पडतं. पैसे देणारा म्हणतो, "मला व्याज नको. पैसे फिटेपर्यंत शेत फक्त मी वाहीन." ऐकायला गोड लागतं. पण तीन वर्षं सोयाबीन त्याच्या घरी जातं आणि मुद्दल मात्र जागचं हलत नाही.

इस्लामी कायद्यात गहाणाला रहन म्हणतात. रहन जायज आहे. कुरआनात सूरह बकराच्या 283व्या आयतीत त्याचा उल्लेख आहे. खुद्द पैगंबरसाहेबांचं चिलखत, त्यांचं निधन झालं तेव्हा, जवाच्या बदल्यात एका ज्यू माणसाकडे गहाण होतं. तेव्हा गहाण टाकण्यात लाज कसली? पण वस्तू आपलीच राहते, दुसऱ्याकडे असते ती फक्त कर्जाच्या भरवशासाठी. तुमच्या पाटल्या त्याची बायको लग्नात मिरवू शकत नाही. शेताचं पीकही मालकाचंच. कर्जाच्या बदल्यात ठरवून घेतलेला फायदा म्हणजे व्याजच, आणि व्याज हराम. मालकाने खुशीने परवानगी दिली तर चालतं, असं काही आलिम म्हणतात. पण अडलेल्या बाईची खुशी ती कुठली, हे मला कुणी सांगावं.

जनावराचं थोडं वेगळं आहे. हदीसमध्ये आहे की गहाण जनावराचं दूध त्याच्या खर्चाच्या बदल्यात पिता येतं. हंबली आलिम याचा अर्थ असा घेतात, की चारापाण्याला जेवढा खर्च आला तेवढंच दूध. हनफी तेवढंही मान्य करत नाहीत, आणि आपल्याकडे बहुतेक जण हनफीच.

देशाचा कायदाही फार लांब नाही. 1872च्या करार कायद्यात, कलम 163मध्ये, उदाहरणच गाईचं आहे: सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर गाईबरोबर वासरूही मालकाला परत द्यायचं, वेगळं काही ठरलं नसेल तर. हे 'ठरलं नसेल तर' लक्षात ठेवा, कारण अंगठा तिथेच उठवून घेतात.

म्हणून कागद करताना पीक कोणाचं, दूध कोणाचं आणि त्याचे किती पैसे मुद्दलातून वजा होणार, हे लिहून घ्या. समोरचा सावकारी करत असेल तर 2014च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे त्याला परवाना लागतो. तो बघायला मागा. नसेल, तर तालुक्याला सहायक निबंधकांच्या कार्यालयात तक्रार देता येते. गटातल्या दोघी-तिघी मिळून जा.