गच्चीच्या आच्छादनाचा हिशेब

श्रोतेहो, कचारगडची माघी पौर्णिमेची यात्रा आटोपली, दूरदूरहून आलेली मंडळी परतली, की सालेकसा तालुक्यात घराच्या डागडुजीचे दिवस येतात. कवेलूच्या घराचं काम आपल्याला पाठ आहे. फुटकी कवेलू काढली, नवी बसवली, झालं. पण आता गावोगाव सिमेंटच्या सपाट गच्च्या आल्या आहेत. स्लॅब गळू लागली म्हणजे नेमकं कुठून, हेच कळत नाही. आणि ती गळते केव्हा? ऐन रोवणीत, घरात कुणाला फुरसत नसताना!

अशा गच्चीवर डांबरी चादर चिकटवतात. दुकानदार तिला मेंब्रेन म्हणतात. तिची गुंडाळी बहुधा एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब असते. म्हणजे दहा चौरस मीटर. इथेच माणूस फसतो. मीही फसलो आहे. आमची गच्ची कठड्याच्या आत नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद. नऊ सक चोपन्न. मी मोठ्या ऐटीत सहा गुंडाळ्या आणल्या. शेवटचा पट्टा उघडाच राहिला, अन् आभाळ तर भरून आलेलं.

चूक कुठे झाली? कवेलू आठवा. एकावर दुसरं चढवल्याशिवाय पाणी अडत नाही. चादरीचंही तसंच. शेजारच्या पट्ट्यावर दहा सेंटिमीटर चढ द्यावाच लागतो. म्हणजे पहिला पट्टा मीटरभर झाकतो, पुढचा प्रत्येक नव्वदच सेंटिमीटर. शिवाय चादर कठड्यावर चारी बाजूंनी निदान पंधरा सेंटिमीटर वर वळवायची. कारण पाणी बहुधा कोपऱ्यातूनच शिरतं. आता मांडा. रुंदी सहा मीटर तीस सेंटिमीटर झाली. पहिला पट्टा एक मीटर. उरले पाच मीटर तीस. त्याला नव्वदने भागलं तर सहाला थोडं कमी, म्हणून सहा पट्टे. एकूण सात. लांबी नऊ मीटर तीस, म्हणजे एका पट्ट्याला एक गुंडाळी. सात गुंडाळ्या! प्रत्येकीतून सत्तर सेंटिमीटर उरतात. ते तुकडे फेकू नका, पाण्याच्या नळीच्या तोंडाशी आणि कोपऱ्यांत तेच लागतात.

चादरीखाली डांबरी प्रायमर लावतात. लिटरभरात चार-पाच चौरस मीटर होतात. डब्यावर लिहिलेलं असतंच, ते वाचा. वळवलेला भाग धरून आपली गच्ची साडेअठ्ठावन्न चौरस मीटरच्या वर जाते. पंधरा लिटर धरा.

पण सामान आणण्याआधी गच्चीवर दोन-चार बादल्या पाणी ओता. डबकं साचलं तर आधी गिलावा करून उतार काढा, मीटरला एक सेंटिमीटर तरी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पडला, तर आपल्या चोपन्न मीटरांवर पाच हजार चारशे लिटर! ते वाहून गेलंच पाहिजे. पट्टे उताराला आडवे टाकायचे आणि सुरुवात सखल कडेपासून, जशी कवेलू वळचणीपासून आढ्याकडे चढवतो तशी. उलटं केलंत, तर पाणी सांध्यात शिरेल. चादर गॅसच्या ज्योतीनं तापवून चिकटवतात; ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या. अन् स्लॅब खडखडीत वाळलेली हवी, म्हणून तर फाल्गुन-चैत्र बरा.

गुरुजी, हे गणित वर्गात जरूर घाला. मुलांना टेप द्या, शाळेची गच्ची मोजू द्या. मग विचारा : गच्ची नऊऐवजी दहा मीटर लांब असती तर? पट्टा दहा मीटर तीसचा होतो, गुंडाळी पुरत नाही, जोड आला. आणि टोकाच्या जोडाला चढ पंधरा सेंटिमीटर. दहा मीटर पंचेचाळीस गुणिले सात. मुलं आठ गुंडाळ्या म्हणाली, तर बरोबर.